आणायला गेलेलं विमान

दाराबाहेर ओट्याच्या फरशीवर कुणीतरी ताट टेकवलं. अगदी हलक्या हातानं टेकवलं, तरी काठ वाजलाच.

घरात एवढी चिडीचूप होती की तेवढ्याशा आवाजानंही सुनिताचा हात हलला आणि औषधाचा थेंब सासूच्या डोळ्याऐवजी गालावर पडला. भिवराबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच अंबाजोगाईला झालं होतं. थेंब घातले की डोळे मिटून निपचित पडायचं, वाकायचं नाही, धुराजवळ जायचं नाही आणि काही झालं तरी रडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाकी समदं पाळीन, पण रडू काय इचारून येतं का, असं भिवराबाई त्यांना तोंडावर म्हणाल्या होत्या. टीव्हीचा उजेड नको म्हणून सुनितानं त्याची वायरच काढून कपाटावर टाकली होती. सासरे आश्रुबा सकाळीच थेंबांची दुसरी बाटली आणायला सिरसाळ्याला गेले होते. पाच वर्षांची लेक दर्शू अंगणात एकटीच काहीतरी पुटपुटत खेळत होती.

"कोण हाय गं?" भिवराबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"बघते, आत्या. तुमी हलू नका."

बाहेर शेजारच्या कडूबाई पाठमोऱ्या होऊन पायऱ्या उतरत होत्या. ओट्यावर ताट होतं, त्यावर धुवट फडकं, आणि फडक्यातून ताज्या भाकरीची वाफ येत होती. सुनितानं हाक मारली तेव्हा म्हातारी थांबली, पण वळली नाही. पदर कपाळावर ओढून घेतला आणि भिंतीकडं बघत म्हणाली, "चार घास खाऊन घ्या. लेकराला आधी भरव."

सुनिता म्हणाली, माझं पीठ मळायचंच चाललंय, तुम्ही कशाला तसदी घेतली. कडूबाई तशाच पायऱ्या उतरू लागल्या. एरवी वाटीभर साखर मागायला आलेली ही बाई तासभर उठायची नाही. सगळ्या गल्लीची हजेरी घेऊन, वर चहात साखर कमी म्हणून नाव ठेवून जायची. आज ती पायरीवरून घसरता घसरता सावरली आणि बोळात दिसेनाशी झाली.

सुनितानं फडकं उचललं. भाकरी आणि पिठलं. बाजूला कांदा नाही, ठेचा नाही. ती ताटाकडं बघत राहिली. या गावात न सांगता, न विचारता दुसऱ्याच्या घरचं शिजलेलं ताट एकाच दिवशी दारात येतं. ज्या घराची चूल त्या दिवशी पेटायची नसते, त्या घरी.

पहिल्यांदा तिच्या मनात सासरेच आले. सिरसाळ्याचा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेला, दोन-दोन ट्रॉल्या मागं जोडून सुसाट जाणारे. तिनं फोन काढला, पण खाली रेंज कधी नसायचीच. ताट उचलून तिनं स्वयंपाकघरात कट्ट्यावर सरकवलं, सासूला म्हणाली की कडूबाई येऊन गेल्या, आणि जिना चढून स्लॅबवर गेली.

वर ऊन रखरखीत होतं. गाव अर्धं रिकामं. दिवाळीनंतर टोळ्या ऊस तोडायला गेलेल्या, दारादाराला कुलपं, मागं म्हातारी माणसं आणि पोरं. आश्रुबा आणि भिवराबाईंचं आयुष्य त्याच कोयत्यावर गेलं होतं. या वर्षी डोळ्यामुळं पहिल्यांदा दोघं घरी राहिले होते. सासऱ्यांचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मग फोनमध्ये रेंज शिरली तशी एकामागून एक टिंगटिंग सुरू झाली. बहिणीचे फोन येऊन गेलेले. भावाचे. कारखान्यावर गेलेल्या जावेचा निरोप होता, नुसतं, ताई फोन करा. सगळ्यात खाली बातमी होती.

उत्तरेकडच्या बर्फाळ डोंगरात सरावाला गेलेलं हवाई दलाचं लढाऊ विमान सकाळपासून बेपत्ता. आत दोघे वैमानिक. नावं अजून दिलेली नाहीत.

सुनिता टाकीला टेकून खाली बसली आणि तिच्या तोंडून सुटकेचा श्वास गेला. लढाऊ विमान. म्हणजे अंगद नाही. तिचा नवरा हवाई दलात होता, पण लढाऊ विमानावर नव्हता.

दुसऱ्याच क्षणाला तिला त्या श्वासाची लाज वाटली. कुठंतरी दोन घरं होती, आणि त्यांच्या दारातही आता कुणीतरी असंच काहीतरी आणून ठेवलं असेल.

मग गावाला अंगदच कसा काय वाटला? ते कळायला तिला नुसती मान वर करायची गरज होती. फाट्यावर शिवशंकरनं लावलेला बोर्ड स्लॅबवरून लख्ख दिसायचा. शिवशंकर म्हणजे सरपंचांचा पुतण्या; वाढदिवस, नेमणूक, दहावीचा निकाल, काहीही असलं की त्याचा बोर्ड तयार. दिवाळीला अंगद सुटीवर आला तेव्हा यानं त्याला न विचारताच तो करून आणला होता. निळं आभाळ, त्यात टोकदार लढाऊ विमान, आणि पुढं हेल्मेट काखेत धरलेल्या कुणा पायलटच्या धडावर अंगदचं डोकं चिकटवलेलं. मान जराशी तिरकी बसली होती. खाली गॉगल लावलेला, हात जोडलेला शिवशंकर अंगदपेक्षाही मोठा. अंगद बघून पोट धरून हसला होता. म्हणाला होता, विमान माझं न्हाई, धड माझं न्हाई, निदान मुंडी तरी सरळ लावायची. काढून टाक म्हणून त्यानं शिवशंकरला सांगितलंही. पण आश्रुबांनी काढू दिला नाही. जन्मभर टोळीत मुकादमाच्या शिव्या खाल्लेल्या माणसाला फाट्यावर लोक आता 'इमानवाल्याचा बाप' म्हणून चहा पाजत होते. राहू दे रे, म्हणाले होते ते. कुनाचं काय नुकसान करतंय.

बापासाठी लढाऊ विमान. आईसाठी अंगदनं दुसरंच सांगून ठेवलं होतं. मी मालाच्या विमानात हाय आई, आभाळातला ट्रकच समज, डाळ-तांदळाची पोती इकडून तिकडं न्यायची. आईला तेच बरं वाटायचं. पोतं कुणाच्या वाईटावर नसतं, असं त्या शेजारपाजारी सांगायच्या.

खरं काय ते घरात सुनिताला ठाऊक होतं, आणि दर्शूला. तो हेलिकॉप्टरवर होता. विमान पडलं, कुणी बर्फात अडकलं, पुरात झाडावर राहिलं, की यांना पाठवायचे. पायलट पुढं बसून ते हवेत एका जागी धरून ठेवायचा, आणि अंगद मागच्या उघड्या दारात उभा राहून दोर खाली सोडायचा, माणूस बांधला गेला की वर ओढून आत घ्यायचा.

सुनितानं बातमी पुन्हा वाचली. शेवटची ओळ तिनं मघाशी वाचलीच नव्हती. हवामान खराब असूनही शोधासाठी हेलिकॉप्टर रवाना.

तिनं अंगदचा सकाळचा निरोप उघडला. "जरा बाहेर जातोय. आईचे थेंब चुकवू नको." उड्डाण असलं की तो एवढंच लिहायचा, जरा बाहेर जातोय, जसं काही पानटपरीवर निघालाय. तिनं फोन लावला. बंद होता. पुन्हा लावला. एक बाई हिंदीत तेच तेच गोड आवाजात सांगत राहिली.

म्हणजे गाव चुकलं होतं, पण गावाची भीती जिथं संपत होती तिथून तिची सुरू होत होती. आणि हे बोलायचं कुणापाशी?

खाली ओट्यावर पावलं वाजली. ती धावतच उतरली. शिवशंकर चपला काढून, रुमाल हातात घेऊन उभा होता. बोळाच्या तोंडाशी दोन-तीन म्हाताऱ्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, पदर तोंडाला लावून. बसण्याची ती पद्धत सुनितानं ओळखली.

शिवशंकर दबक्या आवाजात म्हणाला की काही लागलं तर मी आहे, गाडी तयार ठेवली आहे, तहसीलदारांना फोन केला आहे. मग घुटमळला. वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण दादांचा एखादा चांगला फोटो असला तर द्या, मोबाईलमधला नको, फुटतो मोठा केल्यावर. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं नव्हतं ते. बोर्ड ही त्याची बोलायची भाषाच होती, दुःखाचीसुद्धा.

सुनितानं मागं पडद्याकडं बघितलं. आत सासू डोळे मिटून पडली होती, पण कान काही मिटलेले नव्हते. ती दार ओढून घेत बाहेर आली.

"भाऊजी, ह्ये त्या विमानात न्हाईत."

"वहिनी, देव करो तसंच असो. पन बोर्डावर तर..."

"बोर्ड तुमी केलता. ते विमान तुमी लावलं, त्यांनी न्हाई."

शिवशंकरचा चेहरा एकदम पोराएवढा झाला. त्यानं रुमालाची घडी केली, मोडली, पुन्हा केली. मग विचारलं, "मग दादा हायेत तरी कशात?"

दार ओढलेलं होतं, पण त्याची फळी पातळ होती. सुनितानं जरा मोठ्यानंच सांगितलं, "मालाच्या विमानात. आणि मामांना आधी शोधा. सिरसाळ्यात कुनी त्यांना बातमी दाखवली असंल तर त्यांचं काही खरं न्हाई. त्यांना म्हणावं, अंगद लढाऊ विमानात नव्हताच, बोर्ड चुकलाय."

तो चपला न घालताच पळाला आणि परत येऊन चपला घेऊन गेला.

म्हाताऱ्या तशाच बसून राहिल्या. शिवशंकरला पळताना बघून त्यांना उलट खात्रीच पटली असावी. एकीनं हुंदका दाबला. सुनिताला वाटलं, मोठ्यानं ओरडून सांगावं की तसं काही नाही. पण आत सासूचे कोवळे डोळे. आणि ओरडून सांगितलेलं कुणाला खरं वाटतं? नवरा गेलेल्या बायका पहिल्यांदा तेच तर ओरडतात.

ती अंगणात आली. कोपऱ्यात आंघोळीचं पाणी तापवायची मातीची चूल होती. तिनं गोवऱ्या मोडल्या, वाळल्या तुराट्या घातल्या आणि काडी ओढली. पहिली विझली. दुसरी तिनं दोन्ही हातांच्या आडोशात धरली. मग जाळ लागला. मुद्दाम तिनं वर ओली काटकी टाकली. पांढरा दाट धूर आधी अंगणात दबला, मग भिंतीच्या वर चढला आणि सरळ उभा राहिला. फाट्यावरूनही दिसला असता.

दर्शूनं विचारलं की गॅस संपला का. सुनिता म्हणाली, नाही, आज चुलीवरची भाकरी करू. दर्शूला ते पटलं. ती पुन्हा आपल्या विमानांकडं वळली. दिवाळीत अंगदनं कडब्याच्या गंजीतली ज्वारीची धांडं काढून, आतलं पांढरं भेंड कापून, सालीच्या काड्या टोचून तिला विमानं करून दिली होती. तो लहान असताना उसाच्या फडात आई-बाप राबायचे तेव्हा तो याच भेंडाच्या बैलगाड्या करायचा. हात तोच होता, नुसती चाकं जाऊन पंख आले होते. बारीक टोकाचं ते भांडणारं. जाड पोटाचं ते सामान नेणारं. शेपटीतून लांब काडी निघालेलं ते उडता उडता दुसऱ्याला पेट्रोल पाजणारं. दर्शू त्याला गाय म्हणायची. पाठीवर खोबऱ्याच्या वाटीचा तुकडा बसवलेलं ते लांबून सगळ्यांवर नजर ठेवणारं, म्हणजे कडूआजी. आणि डोक्यावर भिंगरी फिरणारं ते पप्पाचं, आणणारं. हे आजीला सांगायचं नाही, असं पप्पानं कानात सांगितलं होतं, आणि ती गोष्ट पोटात ठेवताना ती प्रत्येक वेळी गाल फुगवायची.

सुनितानं तवा ठेवला. भाकरी थापताना तिला दिसत होतं ते पीठ नव्हतं. पांढरं होतं, पण थंड होतं, आणि त्यावर कुठंतरी एक उघडं दार डुगडुगत होतं. आत्ता तो वाकला असेल. आत्ता दोर सोडला असेल. वारा कसा असेल? अंगदनं एकदा सांगितलं होतं, डोंगराजवळ वारा माणसासारखा वागतो, आधी ढकलतो आणि मग धरतो. तेव्हा तिनं त्याला गप्प बसवलं होतं. आता वाटत होतं, सगळं ऐकून घ्यायला हवं होतं. निदान काय होतंय ते तरी कळलं असतं. भाकरी करपली. तिनं ती बाजूला टाकली आणि दुसरी घेतली.

दुसरी चांगली फुगली. सुनितानं कडूबाईंचं ताट घासूनपुसून आणलं, त्यावर ती गरम भाकरी ठेवली, आणि भाकरीवर गुळाचा मोठा खडा. एरवी शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. तसल्या दिवशीचं ताट मात्र रिकामंच परत जातं, कधीकधी उंबऱ्यातूनच उचलून नेतात. ती ते भरलेलं ताट घेऊन, चेहऱ्यावर हसू आणून बोळातून चालत गेली. म्हाताऱ्यांच्या समोरून. त्यांचे डोळे ताटाबरोबर वळत गेले.

कडूबाई दारातच होत्या. त्यांनी ताटाकडं बघितलं, गुळाकडं बघितलं, मग तिच्या अंगणावरच्या धुराकडं. आणि मटकन खाली बसल्या.

"न्हाई?" त्यांनी विचारलं.

"न्हाई काकू. ह्ये दुसऱ्या विमानात असतात."

कडूबाईंनी गुळाचा खडा उचलून तोंडात टाकला आणि रडत रडत चघळला. मग सूर सापडल्यावर शिवशंकरच्या सात पिढ्या काढल्या. घर इकूनबी यायचं न्हाई तेवढं वैभव मेला बोर्डावर दावतो, आणि इमान कुठलं लावावं एवढी अक्कल न्हाई. आपण घाईघाईनं पिठलं टाकलं, ते टाकताना हात भाजला, तो भाजला ते भाजला. भिंतीला टेकलेल्या म्हाताऱ्या एकेक करून उठल्या. एक तर जाता जाता, एवढ्या उन्हात कशाला बसवलं गं, अशी सुनितावरच करवादली.

सुनिता त्यांच्याबरोबर हसली. आपलं हसू आपल्यालाच कसं ऐकू येतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

ऊन कलल्यावर शिवशंकरच्या गाडीवरून आश्रुबा आले. थेंबांची बाटली त्यांनी मुठीत एवढी आवळून धरली होती की शिवशंकरनं हळूच बोटं सोडवली. सिरसाळ्यात हॉटेलवर कुणीतरी मोबाईल पुढं केला होता. तिथून ते गाडी न पकडता चालतच निघाले होते, भलत्याच रस्त्याला, धर्मापुरीच्या दिशेनं. शिवशंकरनं त्यांना उसाच्या ट्रॅक्टरांमधून हुडकून आणलं होतं. त्यानं सगळं सांगितलं, तरी म्हाताऱ्याला ते खरं वाटलं नव्हतं.

"फाट्यावरून धूर दिसला," अंगणात खाटेवर बसत ते म्हणाले, "तवा पायात जीव आला."

सुनितानं पाणी दिलं. ते प्याले, उरलेलं तोंडावर मारलं. मग शिवशंकरकडं न बघता म्हणाले की आजच्या आज तो बोर्ड उतरव. शिवशंकर म्हणाला, काका, उतरवतो, मालाच्या विमानाचा नवीन लावतो, पोत्यांसकट. आश्रुबांनी पायातली चप्पल उचलली, पण मारली नाही. चप्पल हातात धरूनच ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांचा ऊर भरून आला. सुनिताला त्यांच्याकडं बघवेना. या माणसाचा आजचा दिवस संपला होता. तिचा संपला नव्हता. ती मध्येच जिना चढून वर जाऊन यायची. बातमी तीच होती, फोन तसाच बंद.

तिसऱ्यांदा उतरली तेव्हा भिवराबाईंनी हाक मारली. थेंबांची वेळ झाली होती. सुनिता बाटलीचं झाकण उघडत होती तेवढ्यात सासूनं तिचं मनगट धरलं. काळ्या चष्म्याआड डोळे दिसत नव्हते.

"घडीघडी वर कावून पळतीस? समदी हसली की आता."

"कपडे वाळत घातलेत, आत्या."

"दिवाळीला आला तवा त्याचा हात हातात घेतला हुता म्या," भिवराबाई म्हणाल्या. "पोती उचलणाऱ्याच्या मानेला घट्टा पडतो, खांद्याला पडतो. ह्येच्या तळव्याला दोराचा वळ हाय. काय वढतो गं त्यो?"

सुनिताच्या हातातली बाटली तशीच राहिली. या बाईंनी आयुष्यभर उसाच्या मोळ्या बांधल्या होत्या, दोर काय करतो ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. आणि दिवाळीपासून त्या गप्प होत्या. आईनं घाबरू नये म्हणून लेकानं पोती सांगितली, आणि आपल्याला कळलंय हे लेकाला कळू नये म्हणून आईनं पोती मान्य केली.

"माणसं," सुनिता म्हणाली. "पडलेली, अडकलेली. दोर सोडून वर घेतात."

"आजबी गेलाय?"

"गेलेत."

भिवराबाईंची हनुवटी थरथरली. त्यांनी ओठ घट्ट मिटले, नाकानं लांब श्वास ओढला, एकदा, दोनदा, जड मोळी डोक्यावर घेण्याआधी बाई जसा दम धरते तसा. मग मान मागं टाकून चष्मा काढला.

"घाल थेंब. रडायचं न्हाई म्हणलंय डाक्टरनं."

सुनितानं थेंब घातले. एकही बाहेर पडला नाही. सासूनं मिटल्या डोळ्यांनीच तिचा हात चाचपला आणि तो आपल्या छातीवर ठेवून घेतला. बाहेर आश्रुबा शिवशंकरला चहाचा आग्रह करत होते. आतल्या दोघी मात्र हलल्या नाहीत.

सूर्य उसाच्या पलीकडं टेकला तेव्हा सुनिता दर्शूला घेऊन पुन्हा स्लॅबवर गेली. दर्शूनं ओच्यात आपली सगळी विमानं आणली होती. टाकीजवळच्या कठड्यावर ती ओळीनं मांडू लागली. खाली भिवराबाई भिंत धरून धरून जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत आल्या होत्या आणि तिथंच बसल्या होत्या, कान वर लावून.

फोन वाजला. अनोळखी नंबर. सुनिताला तो उचलायला दोनदा बोट फिरवावं लागलं, घामानं स्क्रीन ऐकेना.

"आलोय," अंगद म्हणाला.

तिनं फोन कानाशी घट्ट दाबला. त्याच्यामागं कुणीतरी हिंदीत ओरडत होतं, आणि वारा, किंवा पंखा, घूं घूं करत होता. तो म्हणाला, हॅलो, ऐकू येतंय का, दुसऱ्याच्या फोनवरून करतोय. तिनं हूं केलं. त्यानं विचारलं, आईचे थेंब घातले का.

"घातले. आत्याला सगळं ठाऊक हाय. दिवाळीपासून."

तो बारीक आवाजात म्हणाला, "रागावली का?"

"न्हाई. जिन्यात बसल्यात."

"एक जण मिळाला," तो म्हणाला. "जिता हाय. पाय गेलाय त्याचा, पन बोलत हुता. आईला फोन लावा म्हणत हुता सारखा." त्याचा आवाज जरा चिरकला. "दुसरा जरा वर हाय. हात हलवताना दिसला. पन ढग आले, माघारी फिरावं लागलं. हवा उघडली की पुन्हा जायचंय."

सुनितानं कठडा धरला. नका जाऊ, हे शब्द तिच्या जिभेपर्यंत आले होते. पण वर कुठंतरी एक माणूस हात हलवत होता, आणि त्याच्या घरी कुणीतरी असंच फोन धरून उभं होतं. तिनं ते शब्द गिळले.

"स्वेटर दोन घाला," ती म्हणाली.

"घातलेत. दर्शू कुठंय?" असं तो म्हणेपर्यंत आवाज तुटला, घूं घूं उरली आणि मग तीही गेली.

तिनं वाकून जिन्यात सांगितलं, आलेत, आत्या, बरे हायेत. खालून बांगड्या हलल्याचा आवाज आला. भिवराबाईंनी बहुतेक हात जोडले असावेत. पुन्हा जायचंय, हे सुनिताच्या तोंडून निघालं नाही.

पण दर्शूनं फोनमधलं ऐकलं होतं. तिनं बारीक टोकाचं विमान कठड्यावरून खाली, टाकीच्या सावलीत पाडलं. मग भिंगरीवालं उचललं, तोंडानं फडफड करत त्याला घिरट्या घालत खाली नेलं आणि पडलेल्याला काडीनं ओढून वर आणलं. असं एकदा केलं, पुन्हा केलं. तिसऱ्यांदा तिच्या हातातून भिंगरीवालंच निसटलं आणि दोन्ही विमानं सावलीत शेजारी शेजारी पडली.

तिनं कठड्यावर उरलेली विमानं एकेक करून बघितली. सामान नेणारं हातात घेतलं, ठेवलं. गाय घेतली, ठेवली. नजर ठेवणारं घेतलं, तेही ठेवलं. मग तिनं आईकडं मान वर केली.

"मम्मी, आणायला गेलेलं पडलं, तर त्याला आणायला कोण जातं?"